राणीसावरगावची पाकुळी आणि अमेरिकेची पाहुणी

परभणीहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा माझ्या मांडीवर काचेची पेटी होती आणि पेटीत अमेरिकेतले मेलेले फुलपाखरू. जहाजावर नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने ते आणले होते. ते पाहून आमची ही म्हणाली, "असली तर आमच्या राणीसावरगावात रुईवर ढिगानं असतात." त्यावर तो इतका हसला की ही दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिचा शब्द खरा करायला सासुरवाडीला कोणी जायचे? नवरा नावाचा रिकामा माणूस घरात होताच.

गंगाखेडपासून पुढे छकडा. रस्ता असा की पेटी सांभाळावी की पाठ, एवढेच आपल्या हाती. मी पेटी सांभाळली.

सासुरवाडीला भाकरी-चटणी खाऊन बांधावर गेलो, तर रुईला पानच नाही! नुसत्या काड्या.

"दाजी, आज शनवार हाय," मेहुणा म्हणाला. "समदी पानं मारुतीच्या गळ्यात गेली. लय बरा दिवस हुडकलाव!"

चरफडत देवळात गेलो. मारुतीच्या गळ्यात रुईची जाड माळ, आणि तिच्यावर अंडी घालायला टेकलेली नारिंगी पाकुळी (फुलपाखरू)! मी टोपी काढून झडप घातली.

"ओ पावणं! देवाम्होरं बोडकं काय हुतायलाव?" पुजारी ओरडला.

पाकुळी सापडली, टोपी मात्र शेंदराने माखली. मेहुण्याने नारळ फोडून पुजाऱ्याला शांत केले आणि मला हळूच विचारले, "दाजी, परभणीत रुई न्हाई का वो?"

आहे. आमच्या परसामागेच आहे. हे मला निघण्याआधी का सुचले नाही, ते मारुतीलाच ठाऊक.

ओट्यावर बसून दोघींना शेजारी ठेवून पाहिले. रंग एकच, काळ्या काठावर पांढरे ठिपकेही तसेच. पण अमेरिकेची चांगली थोराड, शीर न् शीर काळ्या शाईने गिरवलेली. आमची लहान, पंख साधे, टोकाला तेवढा काळ्यावर पांढरा पट्टा. म्हणजे घरी बसलेली ही चुकली होती, आणि ते तिला सांगायचे माझ्या नशिबी.

पाकुळी तांब्यात घालून, वर फडके बांधून परत आलो. हिने दोन्ही निरखून पाहिल्या.

"वेगळी हाय," ती आपणहून म्हणाली. "सख्खी न्हाई. चुलत बहीण असंल."

भाऊ खूश झाला. "वहिनी, द्या इकडं. टाचणीनं टोचून तिच्याच शेजारी लावतो."

"माझ्या माहेरची हाय ती!" म्हणत हिने फडके ओढले. माझा दोन दिवसांचा प्रवास दोडक्याच्या वेलावरून उडून गेला.

"आता काय पुरावा?" मी वैतागून विचारले.

"तुमी पाहिलीत ना? मग झालं," ही म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझे पान भावाच्या आधी वाढले.