नावासाठी मोकळी जागा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या आतेभावाइतका छळवादी गायक दुसरा सापडायचा नाही, आणि तो छळतो ते गाऊन नव्हे. गातो उत्तमच. एमआयडीसीतली नोकरी सोडून त्याने गिटार गळ्यात अडकवली, तेव्हापासून तो स्वतःची गाणी स्वतः लिहितो, स्वतः चाली लावतो आणि हळद, वाढदिवस, गणपती, जिथे बोलावतील तिथे जाऊन गातो. छळ सुरू होतो तो माइक हातात आल्यावर. बाकीचे गायक 'चेक, चेक' म्हणून थांबतात. हा पुढच्या रांगेतल्या एखाद्या आबांना माइकवरून विचारतो, "गुडघा काय म्हन्तोय आता?" आणि आबाही बसल्या जागेवरून पायाची सगळी हकीकत सांगतात. तोवर पंगत खोळंबलेली असते, आणि याला घेऊन येणारी गाडी माझी, म्हणून यजमान जाब मला विचारतात.

त्याचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे 'एसटी जाऊ दे, थांब जरा, चहा टाकलाय'. त्यात 'थांब जरा'च्या पुढे समोरच्या कुणाचं तरी नाव घालायचं, ही त्याची रीत. नवरदेवाचं, सरपंचांचं, जनरेटरवाल्याचं, कुणाचंही. ज्याचं नाव येतं तो लाजून चूर होतो आणि बाकीचे आपलं कधी येतंय याची वाट बघत बसतात. निमोण्याला एका हळदीत नवरदेवाच्या मामांचंच नाव राहून गेलं. मामा न जेवता मंडपाबाहेर जाऊन बसले. "समद्यांना चहा टाकलाय, आन् आमी काय वाटंवर पडलोय व्हय?" एवढं एकच वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. मी सामान गाडीत भरून घरी निघायच्या तयारीत होतो. या पठ्ठ्याने ते सगळं पुन्हा उतरवायला लावलं आणि एकट्या मामांसमोर उभं राहून अख्खं गाणं म्हटलं. मग मामा जेवले.

हे गाणं रेकॉर्ड कर म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागलो होतो. त्याचा प्रश्न ठरलेला.

"त्यात नाव कुणाचं घालू?"

"घाल रे कुणाचंही."

"म्हंजी बाकीच्यांनी चहा न्हाई प्यायचा का, दादा?"

या माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. मग त्याचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी घशात गाठ आहे असं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर आवाज असाच राहील याची खात्री देता येत नाही. हा शांतपणे म्हणाला, "मंग त्येच्या आधी पाबळची तारीख उरकून घिऊ." मी पाबळची तारीख रद्द केली, जपून एकदाच गायची परवानगी डॉक्टरांकडून मिळवली आणि त्याला दंडाला धरून दौंडच्या एका स्टुडिओत नेलं.

तिथला रेकॉर्डिंग करणारा सलीम म्हणजे सोशिक मुलगा. पहिल्या खेपेला याने "नमस्कार दौंडकर" म्हणून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला गाणं संपल्यावर टाळ्यांसाठी थांबून राहिला. मग म्हणे, समोर माणूस असल्याशिवाय गळ्यातून सूरच निघत नाही. शेवटी त्या कोंदट खोलीत, पंखा बंद करून, मला स्टुलावर बसवलं. मी घामाने निथळत समोर बसलो आणि गाणं खरोखर सुरेख उतरलं. फक्त 'थांब जरा' म्हटल्यावर हा गप्प. नुसती गिटार वाजत राहिली. प्रत्येक कडव्याला तसंच.

"भाऊ, नाव राहिलं," सलीम म्हणाला; हे गाणं त्याने कुठल्याशा हळदीत ऐकलेलं होतं.

"राहिलं न्हाई, जागा मोकळी ठिवलीय. ऐकंल त्येनं आपापलं घालावं."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाणं तसंच ठेवलं गेलं.

ऑपरेशन झालं. त्याला बोलायची सक्त मनाई आहे. ज्याने गप्प बसावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात ठेवले, तो गप्प बसला आणि मला त्याच्या शेजारी बसून गाडी चालवणं जड जायला लागलं. परवा दौंडहून तपासणी करून येत होतो. आवाज परत येईल का, यावर डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले होते. न्हावरे मागे पडल्यावर मी ते गाणं लावलं. 'थांब जरा' आलं, पुढे ती मोकळी जागा आली. तिथे दोन्ही तालुक्यांतली माणसं नावानिशी येऊन गेली होती. त्याचं स्वतःचं नाव कधीच आलं नव्हतं. मी माझ्या भसाड्या आवाजात ते घातलं. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, रडतोय. तेवढ्यात त्याने हात लांबवून गाणं मागे घेतलं आणि ती जागा आल्याबरोबर माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मघाशी मी ठेका चुकलो होतो. शिरूर जवळ येईपर्यंत त्याने ते माझ्याकडून घोटून घेतलं. एरवी मी त्याला रस्त्यात उतरवून दिलं असतं. एकदाचं नाव ठेक्यात बसलं, तेव्हा त्याने गाणं पुढे जाऊ दिलं. पुढच्या कडव्याला जागा आली आणि त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता. त्याने माझं नाव घातलं होतं. मला गाडी कडेला घ्यावी लागली.