भावजींचा दुसरा अल्बम

आमचे भावजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि ड्रम वाजवतात. थ्रॅश मेटल म्हणतात त्या संगीताला. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, तर वाटलं वर भांड्यांचं कपाटच कोसळलं. पण त्यात मोजणी फार असते. सात मात्रा, मग पाच, मध्येच अकरा. एक चुकला की सगळेच गेले.

बँडमधल्या चौघांनी पहिला अल्बम आमच्या वरच्या खोलीत केला, भिंतींना जुन्या गाद्या लावून. मग तिघं नोकरीपायी तीन दिशांना गेले. गाद्या आणि भावजी राहिले. लग्नाचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

दहा वर्षांनी गिटारवाल्याने दुसऱ्या अल्बमची नऊ गाणी पाठवली. ड्रम त्याने कॉम्प्युटरवर भरले होते, खुणेपुरते. खरे तू वाजव, म्हणाला. भावजी आठ महिने कामावरून आले की थेट वर.

एकदा जेवताना म्हणाले, "वहिनी, एका गाण्यात तीन हात लागतात हो."

"म्हणजे?"

"दोन्ही हात झांजांवर, अन् त्याच क्षणी ड्रमवर फटका. पठ्ठ्यानं मशीनवर बटणं दाबली, माणसाला हात किती ते बघितलंच नाही."

"मग देवाकडे अर्ज करा. चार हातवाले तिकडेच असतात."

किती दिवसांनी हसले! शेवटी मोडक्या लिफ्टची स्प्रिंग लावून त्यांनी एक जादा पेडल बनवलं आणि तो फटका पायाने मारला. नऊही गाणी वाजवून पाठवली.

तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी मी चहा घेऊन वर गेले, तर गिटारवाला फोनवर बोलत होता. स्पीकर चालू होता.

"झकास वाजवलंयस यार. पण आम्ही गिटार मशीनच्या ड्रमवरच बसवून टाकली. तुझं कुठंकुठं केसभर पुढं जातं. मशीनचंच ठेवतो. नाव तुझंच राहील."

"नाव काढ."

"वेडा आहेस का? कुणाला कळणारे?"

"मी वाजवलेलं नाही ते. काढ."

फोन ठेवला. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही पाठवलं होतं ते मला ऐकवा."

"नुसते ड्रम आहेत, वहिनी. गाणं नाही त्यात."

"असू दे."

मी खाली बसले. त्यांनी लावलं. चाळीस मिनिटं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मध्ये मध्ये गिटारची जागा रिकामी जायची आणि भावजी डोळे मिटून, आवाज न करता, ती ओठांनी भरत होते.