महागाई विचारायला आलेली मुलगी

शिवांगीचं उद्या काय होणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. पावणेबारा वाजलेत. झोप येत नाही म्हणून लिहीत बसले आहे.

शिवांगी मूळची हिंगोलीची. यूपीएससीसाठी दिल्लीत आली, तीनदा नापास झाली, आणि मग वडिलांकडून पैसे मागवायची तिला लाज वाटू लागली. आता पहाडगंजला मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहते आणि एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरते. गेल्या आठवड्यात मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आली, तेव्हा दारावरची मराठी पाटी वाचून तिचा चेहराच खुलला.

"काकू, वर्षभरानं महागाई किती वाढेल असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय विचारतेस? काकांना विचार, ते पेपर वाचतात."

"काका भाजी आणतात का?"

"पकडलं तिनं!" आतून माझा नवरा, सुजय, ओरडला.

सगळं दुप्पट होईल, असं मी सांगितलं. तिनं न हसता लिहून घेतलं.

"याचा त्या बँकेला काय उपयोग गं?"

"काकू, भाव वाढणार असं सगळ्यांनाच वाटलं, की दुकानदार आधीच वाढवतो, कामवाली आधीच पगार वाढवून मागते, आणि महागाई खरंच येते. म्हणून व्याजदर ठरवताना बँक लोकांच्या मनातले भावही बघते. तुमच्या घराचा हप्ता कमीजास्त होतो, तो त्यामुळेच."

एवढ्या मोठ्या बँकेला माझी धास्ती हवी होती! घरात तर माझ्या धास्तीला कोणी विचारत नाही. मी खूश होऊन तिला फोडणीची पोळी दिली. खाता खाता तिनं सांगितलं, की बरोबरचे काही जण मेट्रो स्टेशनच्या बाकावर बसून मनानंच फॉर्म भरतात. ती मात्र लिफ्ट बंद असूनही चार मजले चढून आमच्याकडे आली होती.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, रिझर्व्ह बँक के सर्वे के लिए आपके यहाँ कोई आया था?"

हा फसवणुकीचाच फोन, असं मी ठरवून टाकलं. शेजारच्या कुमुदताईंची ठेव अशाच एका फोनवर गेली. बँकाही सारखे सावध राहण्याचे मेसेज पाठवतात. "कोई नहीं आया," म्हणून मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि संध्याकाळी सुजयला मोठ्या ऐटीत सांगितलं.

आज संध्याकाळी शिवांगी पुन्हा दारात. डोळे सुजलेले.

"काकू, मी आले होते ना तुमच्याकडे?"

एजन्सीनं तपासणीसाठी फोन केले होते. तीन घरांनी कोणी आलंच नाही म्हणून सांगितलं. उद्या अकरापर्यंत त्यातल्या एकानं तरी हो म्हटलं नाही, तर तिचे सगळे फॉर्म खोटे धरून तिला काढून टाकणार.

"फोन येईल, हे आधी नाही का सांगायचं?"

"ते सांगायचं नसतं, काकू. आम्ही लोकांना पढवून ठेवू ना."

"कुठली घरं, ते कळलं?"

"नाही सांगत."

"अगं, आली होतीस की तू! फोन आला तर सांगेन मी," मी म्हणाले. फोन येऊन गेलाय, हे काही तोंडातून निघालं नाही. ती "थँक्यू काकू" म्हणून जिना उतरून गेली.

"बिल्कुल फोन करू नकोस," सुजयनं झोपताना बजावलं. "तीही त्या फसवणाऱ्यांतलीच असली तर?"

खोटं कशाला सांगू, ही शंका मलाही आली. आमची लेक अवनी बंगळुरूला याच वयाची, एकटी. तिच्याबद्दल कुणा काकूनं असं सांगितलं असतं तर? आणि फसवणाऱ्यानं माझा खाते नंबर मागितला असता. या पोरीनं भाजीचा भाव विचारला.

मघाशी तो नंबर ब्लॉकमधून काढला. सकाळी नऊला, सुजय अंघोळीला गेला की लावणार आहे. सांगणार आहे, ती आली होती, चार मजले चढून आली होती. खोटं मी बोलले.