मास्तरांचे ‘बराबर’

कौतुकाच्या बाबतीत आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांइतका कंजूष माणूस साऱ्या जाफराबादेत झाला नाही. पसंतीसाठी त्यांच्यापाशी एकच शब्द होता, ‘बराबर’, आणि तोही वर्षाकाठी दोन-चार वेळाच बाहेर पडे. एखादा सदरा अंगावर चपखल बसला, तर बराबर. बायकोच्या गाण्याला मात्र तेवढाही मान नव्हता. वहिनी काजे-बटणे करता करता गात, मास्तर शिलाई मशीनचे पायडल मारत, आणि गाणे संपले की म्हणत, “पुन्हा घे.” गाणी त्या दोघांची स्वतःची होती. शब्द वहिनींचे, चाल मास्तरांची आणि ताल पायडलचा. त्यामुळे प्रत्येक गाणे विजारीच्या शिवणीसारखे सरळ आणि एकाच गतीने जाई. माझे मत कोणी विचारले नाही. मीही दिले नाही.

नव्वदच्या सुमारास दोघांनी आपल्या गाण्यांची कॅसेट काढायचे ठरवले. जुन्या जालन्यात एका लाउडस्पीकरवाल्याच्या मागच्या खोलीत गाणी भरायची होती. मास्तरांनी मशीन एसटीच्या टपावर चढवले. कंडक्टर म्हणाला, “मामा, जालन्यात मशिनी मिळत न्हाईत का?”

“मिळत्यात. पन ह्या मशीनला गाणी पाठ हायेत.”

मशीनचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे, म्हणून मी सोबत होतो. आठ गाणी झाली. शेवटच्या गाण्यात वहिनींनी अखेरचा सूर असा काही लांबवला की मास्तरांचे पाय थांबले, आणि तोंडातून शब्द निसटला, “बराबर.” गाणी भरायचे यंत्र चालूच होते. पन्नास कॅसेटी निघाल्या; पन्नासांतही तो शब्द उतरला.

हे कळले माझ्या घरी, माझ्या टेपरेकॉर्डरवर. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मास्तर लालबुंद झाले. “घरातली गोष्ट गावाला कशाला ऐकवायची?” दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर मागून नेला आणि एकेक कॅसेट लावून तेवढी जागा पुसायला घेतली. पण कापडावर कधी न चुकणारा हात तिथे चुकला. दर वेळी शब्दासोबत वहिनींचा शेवटचा सूरही कापला गेला.

वहिनी एक कॅसेट पदराआड घेऊन आल्या. “भाऊजी, एवढी ठेवा. ह्यांनी मागितली तरी देऊ नका.”

“ऐकायची आहे का?”

“न्हाई. फकस्त असू द्या.”

मास्तर विचारायला आले, “एक कमी भरून राह्यली. तुमच्याकडं आल्ती का?” मी नाही म्हणालो. खोटे बोलण्याची मला सवय नाही. तेवढे एकदा बोललो.

उरलेल्या कॅसेटी घेऊन ते जालन्याला गेले. दुकानदाराने विचारले, “देवाचं हाय का पिच्चरचं?” मास्तर म्हणाले, “आमचं हाय.” त्या नावाचा खण त्याच्या दुकानात नव्हता. कॅसेटी परत आल्या आणि चिंध्यांच्या पेटीत पडल्या.

काही वर्षांनी वहिनी गेल्या. दिवस झाल्यावर एका दुपारी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, “सगळ्या टेपा लावून पाह्यल्या. दर टेपात ती शेवटाला तुटून राह्यली.”

मी उठून कपाटातली कॅसेट काढून लावली. माझे खोटे उघड झाले. मास्तर टेपरेकॉर्डरजवळ सरकले. आठवे गाणे आले. सूर पूर्ण झाला. पायडल थांबले. मग तो शब्द.

“येवढं जोरात बोल्लो व्हतो मी?”

“हो.”

“तिला बरं वाटलं असंल का?”

“ही कॅसेट त्यांनीच माझ्याकडे ठेवली होती.”

मास्तरांनी खिशातून छोटी कात्री काढली. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता किंवा पुसता येत नाही. ते दोन्ही त्यांनी नीट तोडले आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

“तुमच्यापाशीच राहू द्या. माझा भरवसा न्हाई.”

आता मास्तर नाहीत, आणि ती वाजवायला टेपरेकॉर्डरही उरलेला नाही. कॅसेट कपाटात आहे. फक्त असू दिली आहे.