दहा नंबरचं तेल

माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून सायकल खाली आणते. डोंगर उतरायला पूर्वी लोक पाय वापरत. ते फुकट होतं म्हणून मागे पडलं असावं. मागच्या वर्षी तिचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालव, पण हादरे मनगटापर्यंत येऊ देऊ नकोस. पुन्हा मोडलं तर सायकल विसर.

हे हादरे खायला सायकलच्या पुढच्या चाकावर दोन जाड नळ्या असतात, आणि त्यांत तेल. ते खराब झालं होतं आणि रविवारी तिला दगडांच्या वाटेवर जायचं होतं. तेल निवडायला ती आठ दिवस फोनवर वाचत बसली. आलेली स्थळंसुद्धा तिने इतकी वाचली नव्हती.

शेवटी दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या आल्या. दोन्हींवर दहाचा आकडा.

"सारखंच आहे, आई. कुठलंही चालेल."

"आठ दिवसांत एवढंच कळलं?"

मी चौथी शिकलेली. पण पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्कूटरच्या शॉकअपमध्ये तेल भरलं. तिथे बाटलीवरच्या आकड्याला कोणी विचारत नसे. बुडाला भोक असलेल्या कपात तेल ओतायचं आणि कप रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. वेळ जास्त, तर तेल घट्ट. मी एका जुन्या वाटीला खिळ्याने भोक पाडलं. एक दहा नंबर भराभर गळून गेला. दुसऱ्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागला.

"एका माणसानं लिहिलं होतं असं," ती म्हणाली. "मला वाटलं, वेडा आहे."

"त्याच्याकडे वाटी असेल."

मग मी ऐटीत घट्ट तेल निवडलं. आमच्या कारखान्यात घट्ट तेल म्हणजेच चांगलं तेल. ती कन्नडात "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि तेच भरलं.

गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावरून ती परत आली, मनगट दुसऱ्या हाताने धरून.

"पुढचं दबतच नाही. सगळा धक्का हातात येतो. किती माणसांसाठी निवडलंस हे?"

मी मोजलं. नवरा, मागे बायको, मध्ये एक मूल, पुढे उभं दुसरं, पायाशी गॅसचा सिलिंडर. आमचे शॉकअप तेवढ्या संसारासाठी होते. माझी मुलगी अठ्ठेचाळीस किलो आणि एकटी.

"स्वल्प घट्ट झालं," मी म्हटलं.

"स्वल्प?"

"जेवत असतीस तर बरोबर बसलं असतं."

तिने ते तेल काढून पातळ भरलं. मी पाना धरून उभी राहिले आणि सल्ला दिला नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी. नंतर ती त्याच गतिरोधकावरून चार वेळा गेली. पुढचं चाक गुमान दबलं आणि वर आलं.

रविवारी दुपारी ती चिखलाने माखून आली. हात कसा आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं की ती नेहमी बरा म्हणते. तिने पँट नळाखाली धरली आणि दोन्ही हातांनी करकचून पिळली, दोनदा. चिखलाचं पाणी मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उडालं.

"मशीन शोभेला आणलंय का?" मी म्हटलं, आणि फडकं आणायला गेले.