पट्टीवर काही नाही

नोएडातल्या एका हिंदी वृत्तवाहिनीत मी पडद्याखालची पट्टी लिहिते. वर चार जण भांडत असतात आणि खालून एक ओळ मुकाट सरकत जाते, ती माझी. घरी ती कुणी वाचत नाही. नवरा म्हणतो, "यार, ती पट्टी काढली तर स्कोअर तरी नीट दिसेल."

माझी एक मैत्रीण मात्र ती वाचायची. मूळची साताऱ्याकडची, नवरा फौजेत, राहायची दिल्लीच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये. मराठी मंडळाच्या गणपतीत मी वळता वळता मोदक फोडत बसले होते, ते तिनं माझ्या हातातून काढून घेतले आणि आमची ओळख झाली. पुढे नवऱ्याची पलटण सरहद्दीकडे गेली, रविवारचा फोन चुकू लागला, तेव्हा ती माझ्यापाशी रडली. तिला धीर द्यावा म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "काही झालं की सगळ्यात आधी पट्टीवर येतं. पट्टीवर काही नसेल तर खुशाल झोप." आपण किती छान बोललो, असं तेव्हा वाटलं. तिनं ते धरूनच ठेवलं. त्या दिवसापासून तिच्या घरी दिवसभर आमचीच वाहिनी.

मग ती दुपार. लष्कराच्या बातम्या करणारा आमचा सहकारी फोन ठेवून उठला तो पांढराफटक पडलेला. आपले जवान सीमा ओलांडून गेले होते, तिकडे चकमक झाली होती, काही जखमी होते. पलटण तिच्या नवऱ्याचीच. मी ओळ लिहायला घेतली, तेवढ्यात संपादकांना वरून फोन आला. माणूस वाईट नाही. त्यांचा सख्खा भाऊ फौजेत होता. माझ्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले, "अभी नहीं. लड़के अभी लौटे नहीं हैं."

मी ओळ पुसली. मानेसरच्या एका कारखान्यात बिबट्या शिरल्याची आवई उठली होती, मग दिवसभर तोच चालवला. दोन दिवसांत जवान परतल्याचं कळलं, पण 'अभी नहीं' काही संपलं नाही. सरकारनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. बिबट्याही सापडला नाही.

त्याच दुपारी तिचा फोन आला होता. "ताई, पट्टीवर काही नाही ना?"

"नाही गं," मी म्हणाले, "पट्टीवर काही नाही."

शब्दानंही खोटं बोलले नव्हते. आता लाज वाटते, पण तेव्हा मला चक्क हायसं वाटलं होतं.

आठवड्यानं तिनंच कळवलं, नवरा छावणीच्या इस्पितळात आहे, सरावात पडला म्हणे, पाय मोडलाय. मी संत्री घेऊन गेले. त्याच्या पायाला मांडीपर्यंत बँडेज होतं. माणूस डोळ्यांसमोर असल्यामुळे ती खुशीत होती.

"ह्यांना सांगितलं, ताईंच्या भरवशावर दिवस काढले. पट्टीवर काही नसायचं, मी बिनघोर झोपायचे. आता हे बरे होऊन परत गेले की पुन्हा तुमचीच पट्टी."

तो माझ्याकडे बघत होता. त्याला बोलायची मनाई होती. मला कुणी केली होती?

"पट्टी नको बघूस," मी तिला म्हणाले. "अगं, पट्टीवर काय यायचं ते मी ठरवत नाही. तू फोन केलास ना, तेव्हा मला माहीत होतं."

"काय?"

"ह्यांच्या पलटणीत काहीतरी झालंय, एवढं. तुला सांगितलं नाही."

त्यानं डोळे मिटून घेतले. संत्रं सोलता सोलता तिचे हात थांबले. तिनं त्याच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सोललेल्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "मग त्या रात्री तुम्हाला तरी झोप लागली का, ताई?"

लागली होती. दिवसभर बिबट्यामागे धावून मी अगदी दमले होते.