दार उघडेपर्यंत बस हलायची नाही

गेल्या डिसेंबरात आई गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. फ्युनरल होममध्ये मी वीस खुर्च्या सांगितल्या. नेब्रास्काच्या त्या उघड्या माळावर, जिथे दोन घरांमध्ये मैलभर गवत असतं, तिथे एका नागपूरच्या बाईसाठी एवढ्या थंडीत येणार कोण? जन्मभर रेडमंडमध्ये सॉफ्टवेअर लिहीत बसलो, पण आईच्या बाबतीत माझा एक अंदाज कधी बरोबर आला असेल तर शपथ.

बाबा त्या गावाचे डॉक्टर. मी बारा वर्षांचा असताना ते अचानक गेले. नागपूरहून पत्रं आली, परत या. शिकागोच्या काकांचे फोन आले, इकडे या. आईने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि शाळेच्या पिवळ्या बसची ड्रायव्हर झाली. बाबांनी हौसेने घेतलेलं घर तिला सोडायचं नव्हतं. नोकरी टिकली तरच घर टिकणार होतं.

साडीखाली लोकरी पँट, वर बाबांचा ओव्हरकोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. हे ध्यान स्टिअरिंगवर, आणि मी सगळ्यात मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून, ही बाई आपली कोणी लागत नाही असा चेहरा करून. मला तिची भयंकर लाज वाटायची. आज त्या लाजेची वाटते.

त्यात तिने एक नियम काढला. बसमधून उतरताना ‘बाय’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. आईने ते सोनेरी केसांच्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या गळी उतरवलं. पोरं ‘येटो’ ओरडत उडी मारायची, आई ‘ये बाळा’ म्हणायची. मी मात्र कधी म्हटलं नाही. आपण दोघं एकाच घरी उतरतो, मग येतो कशाला म्हणायचं, असा माझा युक्तिवाद.

पोर उतरलं तरी बस तिथेच उभी. शेताच्या फाटकापासून घर चांगलंच आत असायचं. मूल चालत जाऊन, दार उघडून आत शिरेपर्यंत आई बस हलवायची नाही. चौदा मुलं, चौदा दारं. बस रोज पाऊण तास उशिरा.

मुलांना संध्याकाळी गोठ्यातली कामं असत. आईबाप कुरकुरायला लागले. शाळेच्या साहेबांनी आईला बोलावून सांगितलं, फाटकाशी सोडा आणि निघा. नाहीतर सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमच्या जागी दुसरा माणूस नेमू.

“आमच्यात पोहोचवलं म्हणजे घरात पोहोचवलं,” आईने तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. “तू ऐकत का नाहीस, आई? जॉब जाईल ना!”

“गेला तर गेला,” ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. पण त्या दिवशी तिच्या तीन पोळ्या करपल्या.

त्याच गुरुवारी बर्फाचं वादळ आलं. बसमध्ये शेवटी मी आणि दुसरीतली एक मुलगी उरलो. तीही उतरली. वायपर सरकला की तिची लाल टोपी क्षणभर दिसायची. टोपी दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दार उघडेना. तिची आई गावातून येताना वाटेत अडकली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

“जागचा हलू नकोस,” आई मला म्हणाली. तिने पदर खोचला आणि त्या वाऱ्यात उतरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या साडीकडे डोळे लावून बसलो. ती परत आली तेव्हा लाल टोपी ओव्हरकोटाच्या आत होती. घरी नेऊन आईने पोरीला मेतकूट-भात भरवला. पोरीने तो दोनदा मागून घेतला.

सोमवारी मीटिंगला त्या मुलीचे वडील आले. गाई पाळणारा माणूस, महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा. ते उभे राहिले, म्हणाले, “गाई थांबतील,” आणि खाली बसले. मीटिंग संपली! शाळेने बसचं वेळापत्रकच पाऊण तास पुढे ढकललं. त्यानंतर आईने चौतीस वर्षं बस चालवली.

तर, वीस खुर्च्या. लोक भिंतीला लागून उभे राहिले, मग पॅसेजमध्ये, मग बाहेर बर्फात. पन्नाशी-साठीची माणसं माझा हात हातात घेऊन नाव न सांगता स्टॉप सांगत होती. “मी तिसरं फाटक.” “मी पवनचक्कीच्या शेजारचा.” विद्युतदाहिनी साठ मैलांवर होती. मला वाटलं, गावाच्या वेशीवरून लोक परततील. शववाहिनीमागे साठ मैल पिकअप ट्रकांची रांग होती, आणि ती कुठे तुटली नाही. मी वळून वळून बघत होतो आणि रडतारडता माझी छाती फुगत होती.

तिथे पोहोचल्यावर सगळे अंगणात उभे राहिले. “निघा आता,” मी म्हणालो, “रस्ता निसरडा आहे.” लाल टोपीवाली आता आजी झाली आहे. ती माझ्यावर डाफरली, “ती आत गेल्याशिवाय कोणी हलणार नाही.”

दार उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळलं, कोणीतरी म्हणायला हवं होतं. बसमध्ये जे एकदाही म्हटलं नाही, ते मी तिच्या वतीने मोठ्याने म्हणालो, “येते.”

आणि बर्फात उभ्या असलेल्या त्या सगळ्या म्हाताऱ्या पोरांनी टोप्या काढून, जसं ऐकलं होतं तसंच उत्तर दिलं, “ये बाळा.”